आहेराच्या साड्या

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. बाबांची. ते पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला लागले तेव्हा गोंदियाकडच्या आमच्या गावाहून हीच पेटी घेऊन भिलाईला उतरले होते. आता तिच्यात साड्या आहेत. त्यातली एकही मी विकत घेतलेली नाही आणि एकही नेसलेली नाही. लग्नात आहेर करताना पुरुषांना टोपी-दुपट्टा आणि बायकांना साडी, ही आमच्याकडची रीत. मी शर्ट-पॅन्ट घालून बायकांच्या रांगेच्या टोकाला बसलेली असते. आहेर करणारी बाई माझ्यापाशी येऊन थबकते, आखूड केसांकडे बघते, मग आईकडे बघते आणि साडी माझ्या मांडीवर ठेवते. कुंकू लावावं की नाही हे तिला कळत नाही. मीच कपाळ पुढे करते, एकदाचं लावून टाका म्हणून.

जवळच्या लग्नात तर माझ्यासाठीचा रंग धाकटी बहीण निवडून ठेवते. फिका रंग तुला शोभेल, असं ती म्हणते. कुठे शोभेल ते ती सांगत नाही. पेटीत?

मी छप्पन वर्षांची आहे. मी नेमकी कोण, असं कुणी विचारलं की पूर्वी चीड यायची, आता नुसता थकवा येतो. लहानपणी प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या शेजारणी आईला विचारायच्या, ‘पोट्टी हाये का पोट्टा?’ कॉलेजात मला एक नाव पडलं होतं, ते इथे लिहीत नाही. आता भाची फोनवर नवनवे शब्द पाठवते. एकेका शब्दाला एकेक झेंडा असतो. ती विचारते, ‘यातला तुझा कोणता?’ शब्द वाईट नाहीत. विशीत असताना यातला एखादा मिळाला असता तर मी तो उशाशी घेऊन झोपले असते. आज ते वाचते आणि चष्मा काढून ठेवते. मला शर्टात मी सापडते, साडीत सापडत नाही. पुरुष व्हायचंय का, तर तेही धड सांगता येत नाही. लिहिताना मी गेले-आले असंच लिहिते, शाळेत तसंच शिकले आणि आता बदलायचा कंटाळा येतो. माझ्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, आणि एवढ्यावर माझं आजवर भागलं आहे. भागत नाही ते बाकीच्यांचं.

ही भाची म्हणजे बहिणीची एकुलती एक मुलगी. बहीण आणि तिचा नवरा खुर्सीपारला दुकान चालवतात. दुकान सोडून दोघांना हलता यायचं नाही, म्हणून पोरगी शाळेतून सरळ माझ्याकडे यायची. तिला नेणं-आणणं, ताप आला तर दवाखाना, शाळेतल्या बाईंची बोलणी खाणं, सगळं माझ्याकडे. वर्गातल्या एका मुलाला त्याचा मामा स्कूटरवरून घ्यायला यायचा. मीही स्कूटरवरूनच जायची. तिने आपल्या हिशेबाने मला मामा म्हणायला सुरुवात केली. घरात सगळे हसले. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे मामाची जागा रिकामीच होती. पोर म्हणते तर म्हणू दे, असं होत होत ते नाव मला चिकटलं. मला ते फार आवडायचं. आवडतं म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्याच दिवशी बंद झालं असतं.

बाबांनी मला एकदा रायपूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मी तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि बघायला आलेल्या दुसऱ्या स्थळासमोरही शर्टातच चहा घेऊन गेले होते. डॉक्टर सभ्य होते. मी बाहुल्या खेळले का, स्वप्नं कसली पडतात, बाबांचा मार खाल्ला का, असं सगळं विचारलं. मग बाबांना आत बोलावून म्हणाले, घरात मुलगा नाही, वडिलांना मुलगा हवा होता, मुलीने ते मनावर घेतलं आणि ती वडिलांसाठी मुलगा झाली. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना कधीच मुलगा हवा नव्हता. सरकारी दवाखान्याच्या दारात दोन्ही पोरींच्या वेळी त्यांनीच पेढे वाटले होते. पण डॉक्टरचं बोलणं त्यांनी खरं धरलं. परतीच्या बसमध्ये कुम्हारीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लहानपणी तुले हाफपॅन्ट मीच आणून देत होतो. सस्ती भेटे म्हणून आणत होतो रे, बाकी काही नव्हतं माझ्या मनात.’

त्या डॉक्टरवर मी अजून रागावलेली आहे. माझ्याबद्दल जे बोलले त्यासाठी नाही. बाबांच्या गळ्यात त्यांनी जे बांधलं त्यासाठी. मानसशास्त्राची पुस्तकं मी नंतर बरीच वाचली, नोकरी प्रयोगशाळेत, रिकामा वेळ मिळतो. त्यातलं पुष्कळ मला पटतंही. पण ‘कावून’, म्हणजे ‘का’, या प्रश्नाची त्या लोकांना भारी हौस. कारण सापडलं की माणूस सापडला, असं त्यांना वाटतं. माझी बहीण बोलायला लागल्यापासून आईचा पदर डोक्यावर घेऊन आरशासमोर उभी राहायची. तिला कुणी रायपूरला नेऊन विचारलं नाही, बाई, तुला साडी कावून आवडते?

आणि सिनेमा. आमच्या वेळी सिनेमात पहिल्या भागात एक पोरगी असायची, जीन्स घालून मारामारी करणारी, हिरोच्या पाठीवर थाप मारणारी. मध्यंतरानंतर ती जिन्यावरून साडी नेसून उतरायची, पंखा लावून केस उडवलेले, हिरो आ वासून बघत राहायचा. मैत्रिणी थिएटरमधून बाहेर पडताना मला म्हणायच्या, तुझाही सेकंड हाफ येईल बघ. मी छप्पन वर्षं मध्यंतरात बसून आहे, समोसेही संपले. टीव्हीवर पुरुष साड्या नेसून विनोद करतात, तेव्हा आमच्या घरी अजून हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. अहिवाऱ्याकडच्या गावांत नाचा, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, असला की बाबा सायकलने जायचे. त्यात बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांची ते तोंड भरून तारीफ करायचे, काय चालते, काय मान वळवते! तेच बाबा मला डॉक्टरकडे घेऊन गेले. रंगमंचावर सगळं चालतं, खाली उतरून भाजी आणायला निघालं की लोकांना ‘कावून’ आठवतं.

आताच्या मालिकांमध्ये माणूस घरच्यांना जमवून सांगतो, मी असा आहे, मी अशी आहे. मग व्हायोलिन वाजतं, आई रडते, मिठी मारते, भाग संपतो. आमच्याकडे कुणी कुणाला जमवून काही सांगत नाही. आमच्याकडे विषय निघाला की आई म्हणते, भात लागला वाटते, आणि उठून जाते.

बाबा नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागेवर मी प्लांटमध्ये लागले. चितेला अग्नी मीच दिला. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगते, आमची पोरगीच आमचा पोरगा. हे वाक्य सिनेमात आणि जाहिरातीत फार छान वाटतं, त्यानंतर सिलिंडर कोण चढवतं ते कुणी दाखवत नाही. बाबांच्या क्वार्टरमधलं सामान वैशाली नगरच्या घरी हलवलं ते मी, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात बाकावर बसले ती मी, बहिणीच्या लग्नात मंडपवाल्याशी भांडले तीही मीच. ओझं उचलायचं असलं की मी पोरगा, आणि आहेराच्या वेळी साडी. प्लांटचं मात्र मला बरं वाटतं. गेटच्या आत सगळे एका कापडात, डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज. माझ्याकडे नमुना येतो, मी तपासते, कार्बन किती, सल्फर किती ते सांगते. मी कोण, हे लोखंडाने कधी विचारलं नाही.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. मुलगा तुमसरचा, माणसं साधी. आमच्यात मुलीला मंडपात मामा घेऊन येतो. भटजी माइकवरून पुकारतात, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मामा तिचा हात धरून खोलीपासून पाटापर्यंत आणतो आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या मागे उभा राहतो. फार तर पन्नास पावलं असतील. मला त्या पोरीला तेवढं पोचवून द्यायचं होतं. शाळेत पोचवली, परीक्षेला पोचवली, पुण्याच्या गाडीत बसवून दिली, तसंच हेही. आयुष्यात मला फार गोष्टी हव्याशा वाटल्या नाहीत. ही वाटली, आणि इतकी वाटली की रोज आंघोळ करताना मी मनातल्या मनात ते चालून बघायची.

बहीण एका रविवारी दुकान बंद करून आली. तिने चहा घेतला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मामा म्हणून डोंगरगडच्या दादाले बोलावून राहिलो आम्ही.’

हा दादा म्हणजे आमचा लांबचा चुलतभाऊ, रेल्वेतला. भाचीला त्याने बारशाला पाहिली असेल, त्यानंतर नाही.

‘मी हाये ना,’ मी म्हटलं.

‘ताई, तू हायेस, हे मले नाही माहीत काय? पण तिकडले लोक काय म्हणतीन? माह्या पोरीले तिथं जिंदगी काढाची हाये.’ मग तिने आवाज मऊ केला. ‘तू करवली बन. दिवा घेऊन तिच्या मागंच उभी राहाचं असते. जवळच राहशीन. फक्त त्या दिवशी साडी नेस. एक दिवस. माह्यासाठी नाही, पोरीसाठी.’

करवली म्हणजे नवरीची बहीण, शकुनाचा दिवा धरणारी, सोळा-सतराची ठुमकणारी मुलगी. पांढऱ्या केसांची, रिटायरमेंटला आलेली करवली आजवर कुणी पाहिली नसेल. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बहिणीवर रागावताही येईना, कारण ती घाबरलेली होती आणि तिची भीती खोटी नव्हती.

भाचीला कळलं तेव्हा तिने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. ‘मामा, तू टेन्शन नको घेऊ, मैं सबको देख लूंगी. तूच मले आणशील. आणि आपण त्याचा मस्त व्हिडिओ बनवू, माझी मैत्रीण एडिट करणार आहे. वरती लिहू, माझी मावशीच माझा मामा. बघ कशी व्हायरल होते ते.’

तिचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण फोन ठेवला आणि मला एकदम गळून गेल्यासारखं झालं. बहिणीला मी पेटीत ठेवायची आहे आणि तिच्या लेकीला मी स्टेजवर उभी करायची आहे. दोघींपैकी एकीलाही मला नुसतं चालू द्यायचं नाही. लोकांच्या हातातल्या फोनवर मी बोटभर होऊन सरकत जाणार, कुणी हृदय टाकणार, कुणी शिवी, आणि पुढच्या क्षणाला कुणीतरी पनीर कापताना दिसणार. मी भाचीला कळवलं, व्हिडिओ नको. ती रुसली. म्हणाली, तू स्वतःचीच लाज बाळगतेस. तिला काय सांगू? लाज नाही गं, कंटाळा. इतकी वर्षं सगळ्यांच्या नजरेला उत्तर देत राहिल्याचा कंटाळा.

मग मी बहिणीला सांगितलं, नेसते साडी. थकलेलं माणूस हो म्हणतं, त्याला लोक समजूतदारपणा समजतात. बहीण तर खूश होऊन माझ्या गळ्यातच पडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आईने मला खोलीत बोलावलं. नेसून तर बघू, म्हणाली, उद्या घाई होईल. पेटी ओढली, त्यातली एक फिकी जांभळी साडी काढली. बहिणीचं ब्लाउज मला काखेत काचत होतं. आई ऐंशीच्या पुढची, हात थरथरतात, पण निऱ्या घालताना थरथरले नाहीत. तीन-चार पिना तोंडात धरून ती माझ्याभोवती फिरत होती. गेली चाळीस वर्षं दर लग्नाच्या आधी ती मला विचारत आली होती, यंदा तरी नेसशील का. आज तिची इच्छा पुरी होत होती, निदान तिला तरी बरं वाटू दे, असं मी स्वतःला सांगत होते. पदर खांद्यावर टाकून तिने पिन लावली आणि मागे सरकून माझ्याकडे बघितलं.

बराच वेळ बघत राहिली.

‘काय झालं? चुकली का?’ मी विचारलं.

‘चुकली नाही. बराबर नेसवली मी.’ ती पलंगावर टेकली. ‘पण मले कसंतरीच होऊन राहिलं. कोणी पावणी बाई घरात येऊन उभी राहिली असं वाटते. माहं लेकरू कुठं गेलं?’

मी त्या साडीत मटकन खाली बसले आणि रडले. छप्पन वर्षांची बाई आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली, हे लिहायला मला लाज वाटत नाही. व्हायोलिन वगैरे काही वाजलं नाही. बाहेर मांडववाला हिंदीत कुणाला तरी शिव्या घालत होता. आईने माझ्या खांद्यावरची पिन काढली, निऱ्या ओढल्या, सहा वार कापड गोळा करून बाजूला टाकलं आणि म्हणाली, ‘जाय, आपले कपडे घाल.’

मग बहिणीला हाक मारली. ती आली आणि ती विस्कटलेली साडी बघून दारातच थांबली.

‘मामा दोन असले त काय बिघडते?’ आई म्हणाली. ‘एक इकून, एक तिकून. तुह्या लग्नात दोन मामा नव्हते काय?’

‘आई, पण तिकडले...’

‘तिकडल्यायले मी पाहून घेतो. भात लागला वाटते, पाय जा.’

बहीण गेली. त्या दिवशी स्वयंपाक मंडपात आचारी करत होते, घरात भात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी फेटेवाला एका खुर्चीवर एकेका पुरुषाला बसवून फेटे बांधत होता. मी बसले. माझ्याकडे नीट न बघताच त्याने माझी हनुवटी वर केली, कापड गुंडाळलं, तुरा काढला आणि म्हणाला, ‘नेक्स्ट.’ डोंगरगडचा दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याला भाचीचं नाव दोनदा विचारून घ्यावं लागलं होतं, त्यामुळे कुणीतरी सोबत आहे याचंच त्याला हायसं वाटलं. भटजींनी पुकारलं. भाचीने मला फेट्यात पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. आम्ही चालायला लागलो. माझे कान तापले होते. आता कुणीतरी हसेल, आता कुणीतरी उठून काही विचारेल, म्हणून मी दात आवळून घेतले होते.

काहीच झालं नाही. मुलाकडचे लोक नवरीची साडी बघत होते. म्हातारे जेवण किती वाजता सुरू होणार ते बघत होते. व्हिडिओवाला नवरीची पावलं टिपायला उलटा चालत होता, त्याचा पाय वायरमध्ये अडकला, सगळे त्यालाच हसले. मी पोरीला पाटावर पोचवली आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या मागे उभी राहिले. त्यांच्या दृष्टीने तिथे एक मामा उभा होता, जरा बुटका, जरा गोल, बिनमिशीचा. ज्यांना माहीत होतं त्यांनीही काही म्हटलं नाही.

मला आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला. एवढंच होतं? एवढ्यासाठी बाबा कुम्हारीपर्यंत गप्प बसले होते? एवढ्यासाठी बहीण महिनाभर झोपली नव्हती? जे कुणाच्या लक्षातही येत नाही, त्याच्या भीतीने आम्ही आमची आयुष्यं काढली. हेच मला सव्विसाव्या वर्षी मिळालं असतं तर मी किती निराळी चालले असते.

आहेराच्या वेळी मुलाचे काका रांगेने येत होते. माझ्यासमोर आले, ‘मामासाहेब’ म्हणाले, फेट्यावरच पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, गंध लावलं आणि पुढे दादाकडे सरकले. त्यांना थबकावंसुद्धा वाटलं नाही.

पाठवणी झाली, पाहुणे पांगले. संध्याकाळी बहीण आमच्या घरी गादीवर बसून केसांतल्या पिना काढत होती. डोळे रडून सुजलेले. आलेले आहेर तिने एका बाजूला रचले होते. सवयीने तिने विचारलं, ‘ताई, तुही साडी कुठं हाये? पेटीत ठेवून देतो.’

‘साडी नाही भेटली.’

‘कावून? मी तं त्यायले सांगून ठेवलं होतं.’

मी पिशवीतून टोपी काढून तिच्या हातात दिली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

‘त्यायनं देली?’

‘हाव.’

‘सगळ्यायच्या समोर?’

‘हाव.’

मला वाटलं आता चिडेल, तिकडचे काय म्हणाले ते विचारेल. तिने टोपी गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केली.

‘मंग त्या पेटीतल्या साड्या मले देऊन टाक,’ ती म्हणाली. ‘तुले काय कामाच्या हायेत?’

‘सगळ्या?’

‘सगळ्या. अर्ध्या त मीच माह्या आवडीच्या पाहून घेतल्या होत्या.’